कोलंबसहून स्वारगेटला

कोलंबस, इंडियाना
रविवार, जुलैचा दुसरा आठवडा

ती. आईस आणि ती. बाबांस,


आधी तो भोंगा. आई, ती चाचणी होती गं. वादळाचा भोंगा चालतो की गंजलाय, ते बघायला इथे महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी तो वाजवतात. नेमकी तू तेव्हा फोनवर. आमचे दुपारचे बारा, तुझे रात्रीचे साडेनऊ. मी म्हणाले, "थांब, भोंगा संपू दे," तर तू फोन ठेवून मामाला, आत्याला आणि वरच्या काकूंना कळवून मोकळी. मामानं मला "धीर सोडू नकोस" असा संदेश पाठवला, सोबत मारुतीचा फोटो. आत्यानं विचारलं, घर उडालं तर विम्याचे कागद कुठे आहेत. खरंच वादळ आलं तर खिडकी नसलेल्या खोलीत जाऊन बसायचं असतं. आमच्याकडे ती म्हणजे जिन्याखालची कोठी. तांदळाचं पोतं आणि तुझा मसाला तिथेच, तेव्हा उपाशी मरणार नाही.

फोनवर तुम्ही सगळे एकदम बोलता, म्हणून कागदावर लिहितेय. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

पार्सल पोचलं. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला सुखरूप. कुरडयांचा चुरा झालाय, पण चुरा तळला तरी लागते कुरडईच. फटी भरायला कोंबलेल्या वस्तूही मिळाल्या. पंचे कळले, अंकलिपी कळली, अडकित्ता कुणासाठी ते कळव. इथे सुपारी खाणारं कुणी नाही आणि तुमचे जावई त्यानं अक्रोड फोडायला बघतायत.

मसाल्याच्या पुड्यांभोवती तू तुझी ती जांभळी सुती साडी गुंडाळली होतीस. पुडे डब्यात भरले आणि साडी बाजूला ठेवली. तिला आपल्या गॅलरीतल्या उन्हाचा वास आहे, थोडा फिनेलचा आणि थोडा एसटी स्टँडवरच्या धुराचा. जावई म्हणाले, मशीनला लावू का, काहीतरी कुबट येतंय. दिवसभर डिझेल इंजिनांत असणाऱ्या माणसाला डिझेलचा वास कळू नये! त्यांना गप्प केलं. साडी कपाटात आहे, न धुतलेली. पुढचं लिहायच्या आधी जरा कुकर बघून येते.

आले. वासाचा विषय निघालाच आहे तर दोरीचं सांगून टाकते, नाहीतर दादाकडून तिखटमीठ लावून कळेल.

इथे घर घेतलं की घराबरोबर एक समिती मिळते. तिला एचओए म्हणतात. वर्गणी आपण भरायची आणि पत्रं तिनं पाठवायची. मी मागच्या अंगणात दोन झाडांना दोरी बांधली, वर चार दुपटी आणि एक पंचा टाकला. आठवड्याच्या आत पत्र. बाहेरून दिसतील असे कपडे वाळत घालणं नियमात बसत नाही, वसाहतीच्या देखणेपणाला बाधा येते. म्हणजे बघ, ऊन आहे, वारा आहे, दोरी आहे, ओले कपडे आहेत. फक्त ही चौघं एकत्र यायला बंदी! मग बाहेर चौतीस अंश तापलेलं असताना आत वीज जाळून ड्रायर फिरवायचा, त्यानं घर गरम होतं म्हणून एसी लावायचा आणि महिनाअखेरी बिल बघून आपण थंड व्हायचं. ड्रायरमधून निघालेल्या कपड्याला कसलाच वास नसतो. शिवाय आपल्या इमारतीत दोरीवर नजर टाकली की कोण माहेरी आलंय, कुणाकडे पाहुणे आहेत, कुणाचा मुलगा अचानक व्यायामाला लागलाय, सगळं कळतं. इथे शेजाऱ्यांना बाळ झालेलं मला कळलं ते दारात लावलेल्या फुग्यांवरून.

पण मीही स्वारगेटची. नियम पुन्हा नीट वाचला. त्यात कपडे आहेत, साबुदाण्याच्या पापड्या नाहीत. दुसऱ्याच शनिवारी डेकवर प्लास्टिक अंथरून पापड्या घातल्या, आमच्या चिऊला खारींच्या राखणीला बसवलं. समिती गप्प. शेजारच्या आजी मात्र कुंपणाशी आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि अदबीनं विचारलं, "हे कलाप्रदर्शन आहे का?"

हसू नकोस. या गावात हा प्रश्न साधा आहे. बाबा, तुम्ही विचारता ना, खेड्यात जाऊन पडलात म्हणजे नक्की कुठे पडलात? वस्ती जेमतेम पन्नास हजार, चहूकडे मका आणि सोयाबीन. पण १९१९ साली इथे कमिन्स कंपनी निघाली. तीच, जिनं १९६२ मध्ये किर्लोस्करांबरोबर कोथरूडला कारखाना काढला आणि जिच्या नावाच्या कर्वेनगरच्या कॉलेजात तुम्ही मला सोडायला यायचात. त्या कंपनीचे प्रमुख जे. अर्विन मिलर यांनी १९५० च्या दशकात गावाला सांगितलं की, शाळा बांधायची असेल तर आम्ही दिलेल्या यादीतला नामांकित वास्तुविशारद घ्या, त्याची फी कंपनीची संस्था देईल. गावानं लगेच हो म्हटलं. फुकट म्हटल्यावर पुणं काय आणि इंडियाना काय. पुढे अग्निशमन केंद्रंसुद्धा अशीच झाली, त्यातलं एक चक्क रॉबर्ट व्हेंचुरी यांचं. गावची लायब्ररी आय. एम. पेई यांची. पॅरिसला लुव्रपुढे काचेचा पिरॅमिड उभारला ते हेच. लायब्ररीच्या दारात हेन्री मूर यांची वीस फुटी कमान आहे. आमचा बारक्या तिला "मोठ्ठं हाड" म्हणतो आणि खालून पळत सुटतो. पुस्तकं कितीही उचला, काउंटरवरच्या बाई वर विचारतात, एवढीच? आपल्या वाचनालयातल्या काकांना हे सांगू नका, त्यांना झोप लागायची नाही.

आणि एका मोठ्या सभागृहात ज्याँ टिंगेली या शिल्पकाराचं १९७४ सालचं यंत्र आहे, नाव 'केऑस'. भंगारातली चाकं, दांडे, रुळांवरून घरंगळणारे गोळे, सगळं मिळून दोनमजली उंच. मधूनच खडखडत चालू होतं आणि काहीही काम करत नाही. मामा इथे असता तर त्याच्यापुढून जेवायलासुद्धा उठला नसता. मामाच्या गुडघ्याचं काय ठरलं? ऑपरेशन दिवाळीनंतर म्हणतो म्हणे. कोणत्या दिवाळीनंतर, ते विचार.

जावयांनी चौकाची गोष्ट बाबांना सांगायला सांगितलंय. इथे बऱ्याच चौकांत सिग्नल नाही, पोलीस नाही, चारही बाजूंना नुसती थांबा म्हणणारी पाटी. जो आधी आला तो आधी जाणार; दोघं एकदम आले तर उजव्या हाताचा आधी. एवढ्यावर भागलं असतं, पण माणसं इतकी सभ्य की स्वतःची पाळीसुद्धा समोरच्याला देतात. हात करायचा, "व्हा पुढे." तो म्हणणार, "छे छे, तुम्ही." परवा चार दिशांना चार गाड्या आणि चौघंही एकमेकांना हात करतोय. मी जेधे चौकात गाडी शिकलेली. किती वेळ बघणार? घुसले. तिघांनी हसून माझे आभार मानले! बाबा, त्या चौकात तुम्हाला तासभर खुर्ची टाकून बसवायचंय.

मक्याचंही असंच. रस्त्याकडेला टेबल, त्यावर कणसांचा ढीग, शेजारी पैशांचा डबा. माणूस नाही. कणसं घ्या, डब्यात पैसे टाका, चला. तुमचा प्रश्न मला इथे ऐकू आला, डबाच कुणी उचलून नेत नाही का? नाही नेत. मी वाकून आजूबाजूला बघितलंसुद्धा. पण ही कणसं गोडमिट्ट. लिंबू-तिखट चोळायला विस्तवावर धरली की घरातला धुराचा अलार्म असा बोंबलतो की परवाचा भोंगा बरा. आता जावई खाली कणीस भाजतात आणि चिऊ वर टॉवेलनं अलार्मला वारा घालते. सिंहगडावरच्या बाईंना हा प्रकार कळला तर त्या कणीस परत मागतील.

गेल्या आठवड्यात जत्रा झाली. काउंटी फेअर म्हणतात. शाळेतली पोरं वर्षभर सांभाळलेल्या गाई, शेळ्या, डुकरं घेऊन येतात, त्यांना शाम्पू लावतात, भांग पाडतात आणि परीक्षकापुढे फिरवतात. चिऊनं अंगणातली मेथी मांडली होती. परीक्षक बाई पान चावून गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, कडू आहे. चिऊ म्हणाली, मेथी आहे. फीत मिळाली. कोणत्या रंगाची ते ती स्वतः सांगणार आहे, मी फोडायचं नाही. ट्रॅक्टर ओढण्याची शर्यत बघताना जावई इंजिनाचा आवाज ऐकून, शेजारच्या माणसाशी ओळख नसताना, तासभर बोलले. आत्याला सांग, इथे लिंबू सरबत लिंबाच्या सालीसकट हलवून देतात, वर बर्फ, आणि एका पेल्याचे पाच-सहा डॉलर. पाच रुपयांचं सरबत आंबट झालंय म्हणून परत करणारी बाई ती. तिला इथे आणायला हवं.

पण खरी किंमत ऐकायची असेल तर खाली बस. हापूस. मेमध्ये इंडियानापोलिसच्या दुकानात पेटी आल्याचं कळलं आणि आम्ही पाऊण तास गाडी हाणत गेलो. पन्नास डॉलर! पंच्याऐंशीनं गुणलंस? सव्वाचार हजार. एका डझनाचे. आमच्यात असा करार आहे की दुकानात कुणी गुणाकार करायचा नाही. जावयांनी तो तिथेच मोडला. २००७ पर्यंत तर भारतातला आंबा अमेरिकेत येतच नव्हता. आतल्या किडीची भीती. आता आधी विकिरण करून घ्यावं लागतं, आणि ते सुरुवातीला चालायचं कुठे, तर लासलगावला. रत्नागिरीच्या आंब्यानं कांद्याच्या गावाला जाऊन किरणं घ्यायची आणि मग विमानात बसायचं. एवढं सगळं करून आलेला आंबा कापला, तर चिऊ म्हणाली, आजी देते तसा नाही. बाबा मार्केट यार्डातून पेटी आणायचे, दर तीन वेळा पाडून, आणि तू पलंगाखाली गवतात आंबे लावून रोज एकेक चाचपायचीस. त्या खोलीत झोपायला आम्ही भांडायचो. सालं मी टाकली नाहीत लगेच, रात्रभर ओट्यावर ठेवली. जावयांना वाटलं विसरले.

असो. ड्रायर बोंबलतोय, कपडे काढून येते.

तर आता तिकडचं. दादाच्या मेहुण्याला इथे मुलगी बघायला सांगितलीस. कोलंबसमध्ये मराठी मुली भरपूर आहेत, पण त्या पहिली-दुसरीत आहेत. त्याला म्हणावं, थांबायची तयारी असेल तर नाव घालते. आत्याची तांब्याची घागर नक्की कुणाकडे आहे हा वाद मी लग्नाआधीपासून ऐकतेय. मला आठवतं त्याप्रमाणे ती काकांच्या माळ्यावर, कूलरच्या मागे. माझं नाव सांगू नकोस.

बाबा, वहिनी सांगत होती की रोज सकाळी तुम्ही स्वारगेटहून मेट्रोनं पिंपरीपर्यंत जाता आणि परत येता. काम काय असतं? उन्हाळ्यात एसी समजू शकते, आता तर पाऊस आहे. जा खुशाल, पण आईला सांगून जा. तुम्ही जमिनीखाली असलात की फोन लागत नाही आणि ती मला फोन करते, "तुझे बाबा कुठे आहेत?" मी इंडियानात आहे, आई. माझी रात्र असते. नोव्हेंबरपासून घड्याळ तासभर मागे जाईल, म्हणजे अंतर साडेदहा तासांचं होईल. हे गेल्या वर्षीही सांगितलं होतं आणि तू म्हणाली होतीस, सरकार असं कसं करेल?

पुढच्या जूनला या ना. पाय दुखतात, विमानात चौदा तास बसवत नाही, डाळिंबाच्या कुंड्यांना पाणी कोण घालणार, हे सगळं पाठ आहे माझं. पण जूनमध्ये दिवेलागणीला इथल्या अंगणात काजवे येतात, गवतातून वर उठतात. शाळेतल्या मुलांनी पाठपुरावा केला म्हणून २०१८ साली या राज्यानं काजव्याला राज्याचा कीटक केलं. राजमाचीला काजवे बघायला जाऊ असं बाबा मी सातवीत असल्यापासून म्हणतायत, ते राहिलंच. इथे डेकवर खुर्ची टाकली की झालं. आईसाठी झहाराकोसचं आइस्क्रीम आहे, दुकान १९०० सालचं, संगमरवरी काउंटर, जुना वाजणारा पेटारा. मस्तानी मिळत नाही, पण तिथे बसून तू मस्तानीला नावं ठेवणं बंद करशील. संध्याकाळी सगळं इतकं शांत होतं की मला नुसतं "पुणे-सातारा विनावाहक" असं कुणीतरी ओरडावं असं वाटतं. तू ओरडून दाखव.

इमारतीच्या पुनर्विकासाचं मात्र घाईनं करू नका. नवा बिल्डर वाढीव कार्पेट देतोय, लिफ्ट देतोय, हे दादानं कळवलं. पार्किंगवरून बैठकीत खुर्च्या उचलल्या गेल्या हेही कळवलं. तुम्ही उचलली नाहीत ना? नकाशावर गॅलरी कुठे दिसत नाही म्हणे, "ड्राय बाल्कनी" असं काहीतरी लिहिलंय. किती फुटांची ते लेखी घ्या, ऊन कोणत्या बाजूनं येतं ते विचारा, आणि दोरी बांधू देणार नसतील तर सही करू नका. वरच्या काकूंनाही सांगा, त्या लगेच करतील.

तुमची,
बेबी

ता. क. जावयांनी आत्ताच अडकित्त्यानं अक्रोड फोडला. बोट थोडक्यात वाचलं. चकल्यांची भाजणी अजून एक किलो चालेल.