जावई बुडाले नाहीत, केबल तुटली होती

ऑकलंड, न्यूझीलंड

आई-बाबा,

सगळ्यात आधी हे, की तुमचे जावई बुडाले नाहीत. परवा व्हिडिओ कॉलवर मी फक्त इतकंच म्हटलं होतं, "धक्क्यापाशी बोट थांबेना." ते वाक्य भिलाईच्या सेक्टर सहामधून दुर्गला आत्याकडे पोचेपर्यंत बोट उलटली, आणि रायपूरच्या मामींकडे जाईतो शार्कही आला. मामींनी महामृत्युंजयाचा जप सुरू केल्याचं कळवलंय. तो थांबवायला सांगा. किंवा राहू द्या, बोटीचे हप्ते अजून बाकी आहेत.

बाबा, तुम्ही म्हणालात, "फोनवर नको, नीट लिहून पाठव. कुठला पार्ट, काय झालं, कसं सापडलं." वायर रॉड मिलच्या मेंटेनन्समध्ये उभी नोकरी काढलेल्या माणसाला तोंडी रिपोर्ट चालत नाही. तर घ्या.

बोट म्हटल्यावर आईने विक्रांत डोळ्यांपुढे आणली असणार. 2022 साली ती युद्धनौका नौदलात आली, तेव्हा तिच्यात भिलाईचं पोलाद आहे हे बाबांनी दूधवाल्यालासुद्धा सांगितलं होतं. आमची बोट त्या जातीची नाही. ॲल्युमिनियमची, साडेचार मीटरची, मागे इंजिन टांगलेली. चौघं बसलो की जेवणाचा डबा मांडीवर घ्यावा लागतो. इथे अशी बोट चालवायला लायसन लागत नाही. आरटीओत चेतक स्कूटरवर आठ काढून दाखवणाऱ्या बाबांना हे पटायचं नाही, पण खरं आहे. लाइफजॅकेट मात्र प्रत्येकाच्या मापाचं बरोबर हवंच. जावयांचा जलप्रवासाचा पूर्वानुभव म्हणजे फुटाळा तलावाच्या काठावर बसून कणीस खाणं, आणि लग्नानंतर तुम्ही मैत्रीबागेत नेलंत तेव्हा पायडल मारलेली बोट. तीसुद्धा आईच मारत होती.

आता मुद्द्याचं. बरेच दिवस गिअरचा दांडा जड लागत होता. मध्यंतरी इंजिन सुरूच होईना, तर ह्यांनी बॅटरी काढून चार्ज करून आणली. बॅटरी ठणठणीत होती. दांडा न्यूट्रलला नीट बसला नाही की सुरक्षेसाठी असलेला स्विच इंजिन चालू होऊ देत नाही, एवढीच गोष्ट. मग ह्यांनी केबलच्या तोंडाशी तेलाचा फवारा मारला. ह्या केबली दोन्ही टोकांना बंद असतात, तेल आत जातच नाही. वरून चकाकी मात्र छान आली.

त्या रविवारी आम्ही हाफ मून बेला परत येत होतो. बोटी पाण्यात सोडायच्या-काढायच्या उतारावर ट्रेलर लावून ही गर्दी! उन्हाळ्याचे दिवस, सगळ्या ऑकलंडला एकाच वेळी घरी जायचं होतं. ह्यांनी रुबाबात दांडा मागे ओढला. आई, बोटीला ब्रेक नसतो, रिव्हर्स हाच ब्रेक. आणि आमच्या बोटीत एकाच दांड्याला दोन केबली आहेत, एक गिअरची, एक थ्रॉटलची. दांडा मागे नेला, गिअरची केबल आत तुटलेली, त्यामुळे गिअर पुढचाच राहिला. थ्रॉटलची केबल मात्र शाबूत. म्हणजे हे जितकं मागे ओढतायत, तितकी बोट जोरात पुढे! ह्यांना वाटलं रिव्हर्स अजून कमी पडतोय, म्हणून आणखी ओढलं.

थोरलीने लाल दोरी खेचली. ती दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली असते, निघाली की इंजिन बंद. इंजिन गप्प झालं, बोट वेगातच सरकत आली आणि उतारावर उभ्या असलेल्या एका गोऱ्या आजोबांनी नुसत्या हाताने तिचं नाक धरलं. पाण्यात गुडघाभर उभे राहून वर आम्हालाच "ऑल गुड?" विचारलं. ह्यांनी "ऑल गुड" म्हणून हात हलवला. शार्क तेवढा नव्हता.

संध्याकाळी एका वर्कशॉपला फोन केला. बोट न बघताच "गिअरबॉक्स खोलावा लागेल" असं उत्तर आलं आणि जो आकडा सांगितला त्यात आमची दोन तिकिटं भिलाईला येऊन गेली असती. तेव्हा मी पाना-पेचकस घेतला. बाबा, तुमच्या चेतकच्या पुढे बॅटरी धरून मी उगाच का बालपण घालवलं? तुमचं ठरलेलं होतं: आधी जोड सोडव, मग दोष कोणाला ते ठरव.

म्हणून इंजिन बंद, लाल दोरी काढून खिशात, आणि इंजिनाकडचं केबलचं टोक सोडवलं. तिथला छोटा लिव्हर हाताने हलवायचा आणि त्याच वेळी धाकट्याने मागे पंखा हाताने हळूहळू फिरवायचा. पंखा फिरवल्याशिवाय जोर करायचा नाही, कारण आतले दाते समोरासमोर आले नाहीत तर गिअर पडत नाही आणि माणूस उगाच काहीतरी वाकवून ठेवतो. पुढे, खट. न्यूट्रल, पंखा मोकळा. मागे, खट. गिअरबॉक्स निर्दोष सुटला! मग दांड्याकडचं टोकही सोडवलं, तर दांडा लोण्यासारखा. राहिली मधली केबल. एका टोकाला दाबली तर दुसरं टोक ढिम्म.

तुम्हाला आवडेल ते आता. चेतकच्या गिअरला दोन केबली होत्या, एक इकडे ओढायला, एक तिकडे, कारण ती बारीक तार फक्त ओढू शकते. बोटीला गिअरची एकच, पण ती ओढते आणि ढकलतेही. म्हणून आतली तार जाड नि ताठ, आणि ती वाकून बाहेर फुटू नये म्हणून भोवती पोलादी तारांचं कवच, त्यावर प्लास्टिक. आमच्या केबलचं प्लास्टिक इंजिनापाशी, जिथे इंजिन वळताना ती रोज वाकते, तिथे चिरलं होतं. खारं पाणी आत गेलं, कवचाच्या तारा गंजून फुगल्या आणि त्यांनी आतल्या तारेचा गळा धरला. दांडा जड लागत होता तो ह्याचमुळे. ह्यांनी त्याला व्यायाम समजून जोर केला आणि तार तुटली.

नवी केबल जुनीइतकीच लांब हवी. जुन्या टोकाला दोरी बांधून ओढली की नवीचा रस्ता तयार राहतो. वळण मात्र सैल ठेवायचं, वाटीएवढं नाही, परातीएवढं. थ्रॉटलची केबलही त्याच वयाची, म्हणून तीही बदलली. शेवटी दांडा न्यूट्रलला, इंजिन न्यूट्रलच्या बरोबर मध्यावर, आणि टोकाचा तुकडा फिरवत फिरवत असा आणायचा की भोक आपणहून खिळीवर बसेल. ओढून बसवलं तर एका बाजूचा गिअर अर्धवट पडतो आणि दाते झिजतात. हे मी तुमच्याकडे सकाळचे सहा असताना करत होते, तेव्हा आमच्याकडे दुपारचा दीड, आणि तुम्ही चहा पीत व्हिडिओवर "और थोड़ा, और थोड़ा" म्हणत होतात. तुम्हाला दिसत होतं ते माझं कोपर.

मग बोट धक्क्याला दोराने बांधूनच पुढचा-मागचा गिअर टाकून पाहिला, आणि बांधलेलीच असताना ह्यांच्या हाती दिली. आता रिव्हर्स इतका हलका पडतो की हे कारण नसताना मागे जातात.

आई, मासे विचारलेस. स्नॅपर तीस सेंटिमीटरपेक्षा लहान असला तर परत सोडावा लागतो. आमचे सगळे तब्येतीने नाजूक निघाले. वरण-भात खाल्ला.

बाबा, जुनी केबल चिरून फुगलेला भाग तुमच्यासाठी जपून ठेवलाय. दिवाळीत आणू का? आईला विचारून सांगा, तिचं म्हणणं घरात आधीच पुरेसं लोखंड आहे.

तुमची,
बेबी