पाव टक्का

१२ नोव्हेंबर २०२५ ला सरकारने ऑक्टोबर महिन्याचा किरकोळ महागाईचा दर सांगितला: ०.२५ टक्के. म्हणजे पाव टक्का. २०१२ च्या किमती पाया धरून मोजणी सुरू झाली, तेव्हापासूनचा हा सर्वांत कमी दर. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ही बातमी मायला वाचून दाखवली. ती बुधलीतून कढईत तेल सोडत होती. आमच्या घरी तेल ओतत नाहीत, मोजतात. कढईवरची नजर न काढता तिने विचारलं, "कोनत्या दुकानात भेटते रे थे?"

दुकानात नाही, देशात, असं मी समजावलं. वर्षभरात भाजीपाला २७.५७ टक्क्यांनी उतरला, डाळी १६.१५ टक्क्यांनी उतरल्या, तेल तेवढं ११.१७ टक्क्यांनी चढलं. सगळ्याची गोळाबेरीज पाव टक्का.

"म्हंजे आपन इकतो थे सस्तं, अन् घेतो थे महाग," माय म्हणाली आणि तिने मोहरी टाकली.

अर्थशास्त्राचं एवढं लहान पाठ्यपुस्तक मी पाहिलेलं नाही. आमच्या वाशीम जिल्ह्यात पिकतं काय? सोयाबीन आणि तूर. रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत कुठेही गाडी थांबवा, धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना हेच. देशाची महागाई खाली उतरली याचा आनंद आहेच, फक्त ती ज्या पायऱ्यांवर पाय देऊन उतरली त्या पायऱ्या आमच्या अंगणात होत्या.

तुरीचं बघा. डाळ महागू नये म्हणून परदेशी तुरीला मार्च २०२६ पर्यंत बिनशुल्क प्रवेश दिला होता. मोझांबिकची तूर बंदरात फुकट शिरत होती, आमच्या तुरीला बाजार समितीत शिरायला गाडीभाडं लागत होतं, वर हमाली.

सोयाबीनचा हमीभाव २०२५ च्या हंगामात क्विंटलला ५,३२८ रुपये होता. हमीभाव आमच्याकडे मोठ्या पाहुण्यासारखा असतो. येणार, येणार म्हणून घर सारवून ठेवायचं आणि संध्याकाळी आपणच आपला चहा पिऊन घ्यायचा. त्याची अट अशी की मालात ओलावा १२ टक्क्यांच्या वर नको. सप्टेंबरभर पाऊस सोयाबीनच्या डोक्यावर मांडी घालून बसला होता, हे ओलावा मोजणाऱ्या यंत्राला कोण सांगणार? बाबांनी दिवाळीआधी माल मोकळ्या बाजारात घातला आणि क्विंटलमागे हजारावर रुपये कमी घेऊन घरी आले. येताना तेलाचे दोन पुडे आणले. त्यांना वाटलं आपण तेल आणलं. खरं तर आपलंच पोर पैसे भरून सोडवून आणलं होतं.

तेही आपलंच होतं का, कोण जाणे. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि सोयाबीनचं तेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलकडून. तेव्हा मायच्या फोडणीत वाशीमची मोहरी नसली तरी अर्जेंटिनाचं तेल नक्की तडतडत असावं.

शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून दिल्लीने काही केलं नाही, असं म्हणणाऱ्यांची जीभ झडो. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून थेट २० टक्के केलं. तेलाला ही बातमी रातोरात कळली. सोयाबीनला अजून कळायची आहे. याचं कारण पोत्यातच आहे. क्विंटलभर सोयाबीन गाळलं की तेल निघतं १८-१९ किलो, बाकी बहुतेक ढेप. ढेपीला गिऱ्हाईक असेल तर सोयाबीनला भाव. इकडे मक्या-तांदळापासून इथेनॉल करायचा धडाका सुरू झाला, त्याचा स्वस्त चोथा बाजारात आला आणि कोंबड्या तो खाऊ लागल्या. माणसं भाव खातात हे माहीत होतं. आमचा भाव कोंबडीने खाल्ला.

पुढे मे २०२५ च्या अखेरीस तेच शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. दर वाढल्याची खबर आमच्याकडे समृद्धी महामार्गाने येते. कारंज्याजवळ उतरली की तासाभरात गल्लीत. कमी झाल्याची खबर शकुंतलेने येते. कारंज्यावरून जाणारी ती छोटी रेल्वे बंद पडून कैक वर्षं झाली, हे वाचकांना सांगायला नको.

जीएसटीचंही ऐकून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, बिस्किटं ५ टक्क्यांत आली, तयार पोळी-पराठे करमुक्त झाले. मायची भाकर तर आधीपासूनच करमुक्त होती. पण तिच्यासाठी कुणी उत्सव जाहीर केला नव्हता. तेल होतं तसंच ५ टक्क्यांवर.

शहरातली माणसं घरखर्चाचा मेळ महिन्याच्या पगारावर घालतात. आमचा पगार वर्षातून दोनदा, तोही आभाळाच्या सहीने: दिवाळीला सोयाबीनचा, संक्रांतीच्या सुमारास तुरीचा. मधल्या काळाचं नाव किराणा दुकानातली लाल वही. वहिनीचे लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये येतात ते घरी न येता परस्पर त्या वहीत जातात. २,१०० झाले तर तेही तिथेच जातील, वहीला पानं पुष्कळ आहेत. नीती आयोगाच्या यादीत २०१८ पासून आमचा जिल्हा 'आकांक्षित' आहे, आणि त्या बाबतीत आम्ही कुठेही कमी पडलेलो नाही.

तर मायने मला बातमीचं कात्रण घेऊन दुकानात पाठवलं. म्हणाली, "दाखव त्याले. पाव टक्का लाव म्हनाव."

सेठने चष्मा लावून कात्रण वाचलं. "भाऊ, आपल्या वहीत पाव टक्का नाई. दोन टक्के हाये, अन् थेबी महिन्याचे," असं म्हणून त्याने वही उघडली. "सांगा. काय देऊ?"

"जिरं. चहापत्ती. तेल एक लिटर."

त्याने पेन काढलं. "तूर कवा निंगते तुमची?"

"जानेवारीत."

"भाव काय राहील?"

मी कात्रणातल्या डाळींच्या ओळीवर बोट ठेवलं. उणे १६.१५. त्याने ती ओळ दोनदा वाचली, पेनाला टोपण लावलं आणि फळीवरून काढलेला मोठा पुडा परत जागेवर ठेवला.

"मंग तेल अर्धाच लिटर देऊ ना?"