अंदालुसियाचा किनारा निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत

पात्रता: अर्जदाराने समुद्र पूर्वी एकदा तरी पाहिलेला असावा. पोहता आलेच पाहिजे असे नाही. दक्षिण स्पेनमधली पुष्कळ मंडळी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तासन्‌तास गप्पा मारतात आणि त्यालाच समुद्रस्नान म्हणतात.

साहित्य: छत्री, टॉवेल, टोपी, रबरी चपला, पाण्याच्या बाटल्या आणि सकाळी उठून बेत बदलण्याची तयारी. शेवटची वस्तू तिकडच्या दुकानांत मिळत नाही, घरूनच न्यावी.

पायरी 1: नकाशा उघडावा

अंदालुसियाच्या वाट्याला दोन समुद्र आले आहेत. मध्ये जिब्राल्टरची सामुद्रधुनी आणि तिच्या टोकावर तारिफा हे गाव. सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटरची, त्यामुळे समोर मोरोक्कोचे डोंगर दिसतात. तारिफाच्या पश्चिमेला अटलांटिक, तिकडचा किनारा कोस्ता दे ला लुझ. पूर्वेला भूमध्य समुद्र. तिकडे आधी मालागाचा कोस्ता देल सोल, मग ग्रानादाचा कोस्ता त्रोपिकाल आणि शेवटी आल्मेरिया.

दोन समुद्रांतला फरक टॉवेल अंथरण्यापूर्वी समजून घ्यावा. कादिझच्या बाजूला उधाणाच्या दिवसांत पाणी तीन मीटरच्या आसपास चढते-उतरते. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. तो चपला वरच काढून ठेवतो. मालागाला मात्र भरती-ओहोटी नावापुरतीच. तिथे आठवडाभर राहून मग कादिझला जाणारा नवशिका पाण्याच्या कडेला सामान मांडून डुलकी घेतो आणि जागा होतो तेव्हा त्याचे सामान मोरोक्कोचा विचार करत असते.

सूचना: ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’मधला समुद्राच्या तळाशी जाण्याचा प्रसंग इथे शोधू नये. तो कोस्ता ब्रावाचा. ते कॅटलोनियात, देशाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात आहे.

पायरी 2: फोटो मिटावा

फोटोवरून स्थळ पसंत करू नये, हा आपल्याकडचा जुना धडा इथेही लागू आहे. फोटोत सगळी वाळू सोनेरी असते. प्रत्यक्षात मालागाच्या बाजूची बरीचशी वाळू करड्या रंगाची, भरड, मध्ये मध्ये खडे असलेली. सोनेरी आणि मऊ वाळू कादिझकडे. हिवाळ्यातल्या वादळांत कोस्ता देल सोलची वाळू वाहून जाते आणि हंगामापूर्वी नगरपालिका ती यंत्रे लावून पुन्हा पसरते. म्हणजे तुम्ही ज्या किनाऱ्यावर पडला आहात तो अलीकडेच ट्रकमधून आलेला असू शकतो.

पायरी 3: वारा विचारावा

ही मुख्य पायरी. बाकीच्या विसरल्या तरी चालतील.

नवशिके आकाश पाहतात. उन्हाळ्यात इथले आकाश रोज सारखेच निळे असते, त्यातून काही कळत नाही. स्थानिक लोक सकाळी फक्त एक गोष्ट विचारतात: आज वारा कुठला?

लेवान्ते म्हणजे पूर्वेचा. सामुद्रधुनीत शिरताना तो दोन्हीकडच्या डोंगरांमध्ये दाबला जातो आणि तारिफाला पोचेपर्यंत चवताळतो. वाळू पिंडऱ्यांना सुयांसारखी टोचते, छत्र्या मालक सोडून जातात. काही वेळा हे कित्येक दिवस चालते. या वाऱ्याने डोके फिरते, असे तिथले लोक म्हणतात. त्याच वेळी पतंगाला लटकून लाटांवरून धावणारे शेकडो लोक आनंदाने ओरडत असतात, कारण ते याच वाऱ्यासाठी आलेले असतात. तुम्ही त्यांच्यातले नसाल तर कादिझ शहरातली ला कालेता गाठावी. ती पश्चिमेला तोंड करून बसली आहे आणि तिच्या पाठीशी अख्खे जुने शहर आडोशाला उभे आहे. 2002 च्या ‘डाय अनदर डे’मध्ये जेम्स बॉण्डने हवाना म्हणून जो किनारा पाहिला तो हाच. इथे क्यूबा पाहून परत आलो, असे सांगितले तरी चालते.

पोनिएन्ते म्हणजे पश्चिमेचा. कादिझला तो अटलांटिकवरून गारवा घेऊन येतो, तेव्हा तिकडे खुशाल जावे.

तेर्राल हा मालागाचा खास. तो जमिनीकडून, डोंगर उतरून येतो आणि पारा चाळिशीकडे नेतो. नवशिका घामाघूम होऊन समुद्राकडे धावतो, पाण्यात उडी घेतो आणि किंचाळतो. कारण हाच वारा किनाऱ्यालगतचे तापलेले पाणी आत समुद्रात ढकलतो आणि त्याच्या जागी तळाचे गार पाणी वर येते. ज्या दिवशी आंघोळीची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी पाणी सर्वांत थंड. यावर तोडगा नाही. आधी पाय बुडवावेत, मग देवाचे नाव घ्यावे.

पायरी 4: घड्याळावर विश्वास ठेवू नये

‘ऊन उतरले की चार वाजता जाऊ’ हा आपला हिशेब इथे अंगाशी येतो. 1940 मध्ये स्पेनने आपली घड्याळे मध्य युरोपच्या वेळेला लावली, ती आजही तशीच आहेत. देश पश्चिमेला, वेळ पूर्वेची, वर उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. परिणामी जूनमध्ये मालागाला सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी सव्वादोननंतर. चार वाजता जाणे म्हणजे भर उन्हात जाणे. सात वाजता निघावे. सूर्य साडेनऊनंतर मावळतो, गडबड काहीच नाही.

पायरी 5: स्वभाव ओळखून किनारा घ्यावा

इतिहासप्रेमी: बोलोनिया, तारिफाजवळ. वाळूला लागूनच बाएलो क्लाउदिया या रोमन शहराचे अवशेष आहेत. मासे खारवून, आंबवून त्यांचा गारुम नावाचा रस बनवायचे हौद तिथे अजून दिसतात. शेजारी सुमारे 30 मीटर उंचीचा वाळूचा डोंगर. आधी वर चढून मग हौद पाहायला जावे, उलट केल्यास चढण्याचा उत्साह राहत नाही.

सिनेमाप्रेमी: आल्मेरियाच्या काबो दे गाता उद्यानातला मोन्सुल. ‘इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड’ (1989) मध्ये शॉन कॉनरी छत्री उघडून पक्ष्यांना विमानावर उडवून लावतो, तो इथेच. तुम्हीही छत्री न्यावी, कारण सावली औषधालाही नाही आणि पाणीही विकत मिळत नाही.

गर्दीप्रेमी: तोर्रेमोलिनोस. श्रीमंतांना पाहण्याची हौस असल्यास मार्बेया. पाहायला पैसे लागत नाहीत. 1988 च्या किनारा कायद्याने स्पेनचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत, त्यामुळे आलिशान हॉटेलच्या पुढ्यातल्या वाळूवरही तुमचा टॉवेल कायदेशीर आहे. आरामखुर्चीचे भाडे मात्र कायद्यात बसत नाही, खिशातून जाते.

शंकेखोर: पालोमारेस, हेही आल्मेरियात. जानेवारी 1966 मध्ये अमेरिकेची दोन विमाने हवेत धडकली आणि चार हायड्रोजन बॉम्ब खाली आले, तीन जमिनीवर आणि एक समुद्रात. स्फोट अणूचा झाला नाही, पण जमिनीवर किरणोत्सारी धूळ पसरली. पर्यटक बिथरू नयेत म्हणून मार्चमध्ये मंत्री मानुएल फ्रागा आणि अमेरिकेचे राजदूत कॅमेऱ्यांसमोर समुद्रात उतरले. धडा: मंत्री स्वतः पाण्यात उतरून पाणी उत्तम आहे असे सांगत असतील, तर आधी कारण विचारावे.

पायरी 6: जागा धरावी

ऑगस्टमध्ये काही काका पहाटे येऊन पहिल्या रांगेत छत्री रोवतात आणि घरी जाऊन झोपतात. लोकलच्या सीटवर रुमाल टाकणाऱ्याला ही विद्या नवी नाही. पण काही नगरपालिका अशा बेवारस छत्र्या उचलून नेतात आणि दंडही करतात. रुमालाला निदान दंड नव्हता.

शेवटची पायरी: तरीही ठरत नसेल तर

मालागाच्या पूर्वेला पेद्रेगालेहो आणि एल पालो या जुन्या कोळीवस्त्या आहेत. तिथल्या एखाद्या चिरिंगीतोसमोर, म्हणजे वाळूतल्या खानावळीसमोर, उभे राहावे. एका जुन्या होडीत वाळू भरलेली असते आणि त्यावर ऑलिव्हच्या लाकडांचा विस्तव. भाजणारा माणूस वेळूच्या चपट्या काडीवर पाच-सहा तारल्या ओवतो. काडी माशाच्या कण्याखालून जाते, म्हणजे शिजल्यावर मासा सुटून पडत नाही. वर जाडे मीठ, आणि काडी विस्तवाजवळ वाळूत तिरकी रोवायची. हा एस्पेतो. मे ते ऑगस्ट तारली चरबीने भरलेली असते.

नीट पाहावे. धूर माशांवर जाऊ नये म्हणून तो काड्या वाऱ्याच्या अलीकडच्या बाजूलाच रोवतो. काड्या पूर्वेला असतील तर लेवान्ते, तारिफा रद्द. जमिनीच्या बाजूला असतील तर बहुधा तेर्राल, पोहणे रद्द. एवढे वाचता आले की तुमचे शिक्षण पूर्ण झाले.

तोपर्यंत दोन वाजलेले असतात आणि दुसरीकडे जाण्याची इच्छा उरलेली नसते. तिथेच बसावे, एक काडी मागवावी. काटा मागू नये. 1885 मध्ये राजा बारावा अल्फोन्सो इथे आला, त्याने काटा उचलला आणि तारल्या भाजणाऱ्याने त्याला हाताने खायला सांगितले, असे मालागाचे लोक आजही सांगतात. राजाने ऐकले, तुम्हीही ऐकावे. नंतर बोटे धुवायला समुद्रापर्यंत जावे लागतेच, पाणी कसे आहे तेही तेव्हाच कळते.