दारामागचा बोर्ड

महाराष्ट्रात नव्याने बांधलेलं घर ओळखायची एक हमखास खूण आहे. खोलीत शिरा आणि अंधारात भिंत चाचपा. हाताला बटण लागलं नाही, तर दार लोटून त्याच्यामागे पाहा. बोर्ड तिथेच असतो. म्हणजे दिवा लावायचा तर आधी आत जायचं, मग काळोखात दार बंद करायचं आणि मग बटण दाबायचं. बाहेर पडताना हाच विधी उलट क्रमाने. जुन्या वाड्यांत चोराला अडवायला दिंडी दरवाजे आणि अडसर असत. आपण थेट घरमालकालाच अडवणारी व्यवस्था शोधून काढली आहे.

यात चूक कोणाची म्हणाल, तर कोणाचीच नाही. वायरमन भिंतीत झिरी मारून पाइप टाकतो तेव्हा दाराचा पत्ता नसतो, नुसती चौकट उभी असते. तो आपल्या अंदाजाने एक बाजू धरतो. सुतार उगवतो काही महिन्यांनी, रंगाचा पहिला हात झाल्यावर. दार कोपऱ्याच्या भिंतीकडे उघडलं तर पलंगाला जागा मिळते, हे त्याला एका नजरेत कळतं आणि तो त्या बाजूला बिजागऱ्या बसवून मोकळा होतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर. फक्त दोघांची गाठ कधी पडत नाही.

आता कोणी म्हणेल, मग नकाशा कशासाठी असतो? असतो ना. आर्किटेक्टच्या नकाशात प्रत्येक दाराशी एक पाव वर्तुळ काढलेलं असतं. दार कुठल्या बाजूला आणि किती उघडणार, हे त्या वर्तुळावरून कळतं. पण साइटवर मूळ नकाशा जात नाही, त्याची झेरॉक्स जाते. ती सिमेंटच्या गोणीवर पसरलेली असते, तिच्यावर विटेचा तुकडा ठेवलेला असतो आणि नेमक्या बेडरूमवर चहाच्या ग्लासचा डाग पडलेला असतो. त्या डागाचं वर्तुळ मात्र पूर्ण असतं.

आमचे दाजी बँकेत होते. आयुष्यभर लोकांची गृहकर्जं मंजूर केली, त्यामुळे घर म्हणजे काय हे आपल्याला कळतं असा त्यांचा समज होता. निवृत्तीनंतर साताऱ्याजवळ तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर त्यांनी बंगला बांधायला काढला. सल्लागारांत पहिला मान वास्तुतज्ज्ञांचा. चूल आग्नेयेला, देवघर ईशान्येला, तिजोरीचं तोंड उत्तरेला. पलंगावर डोकं कोणत्या दिशेला हवं, हे तर त्यांना अंशात ठाऊक होतं. त्या डोक्याने झोपताना दिवा कुठून मालवायचा, हा प्रश्न शास्त्रात बसत नव्हता. त्या दिव्याचा बोर्ड आज पलंगाच्या पाठीमागे आहे. दाजी रोज रात्री उशी आणि प्लायवूड यांच्या फटीत कोपरापर्यंत हात घालतात आणि बोटांच्या अंदाजाने पंखा बंद करून दिवा तसाच ठेवतात.

विजेच्या कामाचं अर्थशास्त्र पॉइंटवर चालतं. वायरमन पॉइंटप्रमाणे पैसे घेतो, म्हणून मालक पॉइंट वाचवतो. कुठे वाचवतो ते पाहण्यासारखं आहे. दाजींच्या हॉलच्या फॉल्स सीलिंगमध्ये दिव्यांची इतकी दाटी आहे की सगळे लावले तर बसलेल्या माणसाचा शवविच्छेदन अहवाल तयार व्हावा. ओट्यावर मात्र सॉकेट दोन. कारण सीलिंग ठरवताना दाजी साइटवर होते आणि ओटा ठरवतानाही दाजीच होते. ताईला विचारायचं राहून गेलं. ती तेव्हा साइटवरच्या माणसांसाठी भजी तळत होती. आता त्या दोन सॉकेटांवर फ्रिज, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, ओव्हन आणि इंडक्शन यांचं आघाडी सरकार चालतं. इंडक्शन २००० वॅटचं. आपल्याकडच्या २३० व्होल्टला ते जवळजवळ नऊ अँपिअर ओढतं आणि ज्या सॉकेटात तीन पिनांचं कन्व्हर्टर खुपसून ते चालवलंय, ते आहे सहा अँपिअरचं. सॉकेट पिवळं पडलं तेव्हा दाजी म्हणाले, "कंपनीचा माल हलका निघाला." आमची ताई म्हणाली, "अहो, मालक हलका निघाला." पण हे ती मला म्हणाली, त्यांना नाही.

खांबाएवढ्या अक्षरांत लिहून ठेवावी अशी एक गोष्ट कुणी दाजींना सांगितली नव्हती. डीबीतला, म्हणजे घराच्या मुख्य विजेच्या बोर्डातला, एमसीबी वायरला वाचवतो. माणसाला वाचवणारा तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच तो पाहत बसतो. हिशेबात ३० मिलिअँपिअरची तूट दिसली की सगळं बंद. सात वॅटच्या दिव्याला साधारण इतकाच करंट लागतो, पण छातीतून गेला तर तेवढा जीव घ्यायला पुरू शकतो. दाजींना हे यंत्र पटायला हवं होतं. आयुष्यभर कॅशिअरचा हिशेब त्यांनी असाच पाहिला.

पण यंत्र बसवल्या दिवसापासून ट्रिप होऊ लागलं. देवघरातला दिवा लावला की घर अंधारात. भक्तीला इतकं तत्काळ उत्तर मिळाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. वास्तुतज्ज्ञांनी ईशान्येत जडत्व असल्याचं निदान केलं आणि तांब्याचा एक पिरॅमिड ठेवायला दिला. खरं कारण वेगळं होतं. देवघराचा फेज घरच्या लाइनवरून घेतला होता आणि न्यूट्रल मात्र इन्व्हर्टरच्या लाइनवरचा, कारण तो जवळ सापडला आणि तीन मीटर वायर वाचली. एका दाराने गेलेला करंट दुसऱ्याच दाराने घरी येत होता आणि आरसीसीबी बिचारा तूट दाखवत होता. वायरमनने यावर जो तोडगा काढला तो या राज्यात हजारो घरांत निघत असेल. त्याने आरसीसीबीच काढून टाकला आणि वायरी थेट जोडल्या. "काका, उगाच ट्रिप होत होतं. आता बघा, एकदम मक्खन." चोर आल्यावर भुंकतं म्हणून कुत्रं विकावं, तसला हा मक्खन. डीबीच्या झाकणात तेवढी जागा आता मोकळी दिसते. दाजींनी तिथे स्वस्तिकाचा स्टिकर लावलाय.

जिन्यातल्या दिव्याची कथा याहून गूढ. तो बटण बंद केल्यावरही मंद तेवत राहायचा. पाहुण्यांनी पूर्वजांचा विषय काढला. झालं होतं इतकंच की बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लावलं होतं. एलईडीला तेवढा चुकार करंटही पुरतो. जुना साठ वॅटचा बल्ब असता तर तो विझलेला दिसला असता, आणि होल्डरला मात्र फेज तसाच राहिला असता. म्हणजे पूर्वज म्हणून जे कोणी आलं होतं, त्यांनी सावध करायलाच चक्कर मारली होती म्हणायची.

आर्थिंगबद्दल थोडक्यात. जमिनीत खड्डा घ्यायचा, पाइप किंवा पट्टी उभी करायची, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं, उन्हाळ्यात पाणी घालत राहायचं, अशी आपल्याकडची रुळलेली रीत. आयएस ३०४३ नावाचं भारतीय मानक केवळ याच विषयावर आहे. दाजींच्या घरी कोळसा आला होता, मीठही आलं होतं. कोळशावर कामगारांची कणसं भाजली गेली आणि मीठ कणसांना लागलं. सॉकेटचं तिसरं भोक तेवढं शाबूत आहे. फ्रिजला ओल्या हाताने स्पर्श केला की झिणझिण्या येतात आणि दाजी पाहुण्यांना सांगतात, नव्या फ्रिजचं असंच असतं.

आता लाकूड. मुख्य दरवाजा सागवानीच हवा, इथे तडजोड नाही. वखारीत गेलं की 'सीपी साग' असं कानावर पडतं. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजांचा मध्य प्रांत. तो प्रांत गेला, १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, नंतर महाराष्ट्र झाला. वखारीत अजून इंग्रजांचंच राज्य आहे. आमचा चंद्रपूर-गडचिरोलीचा साग खरोखरच नामी. २०२३ साली तो अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून वाजतगाजत गेला. दाजींना तोच हवा होता, पण भाव ऐकून श्रद्धा जरा आटोपशीर झाली आणि शेवटी आफ्रिकेतल्या घानाचा साग आला. सुतार राजस्थानचा, पितळी कडी उत्तर प्रदेशची. त्या दाराला सगळे पाहुणे 'अस्सल वाड्याचा फील' म्हणतात.

ते दार बसलं ऐन मेमध्ये. काय बसलं होतं! एका बोटाने लोटावं आणि 'टक्' करून मिटावं. सुताराने दाजींना तीनदा उघडमीट करून दाखवली आणि उरलेले पैसे घेतले. आषाढात ते अडकलं. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, पण रुंदीत हवेतली ओल पिऊन फुगतं, हे सुतारकीचं पहिलं प्रकरण. म्हणून दार रंगवायचं, पॉलिश करायचं ते सहाही बाजूंनी. खालची कड कोणाला दिसत नाही, म्हणून ती कोणी रंगवत नाही, आणि फरशी पुसताना पाणी प्यायला नेमकी तीच पुढे. जुलैत सुतार आला, रंधा मारून गेला. जानेवारीत लाकूड पुन्हा आकसलं आणि रंध्याने गेलेलं अर्थातच परत आलं नाही. आता पावसाळ्यात दार खांद्याने उघडावं लागतं आणि थंडीत त्याच्या फटीतून पाली ये-जा करतात. त्यांना बेल वाजवावी लागत नाही.

आतल्या दारांचा प्रश्न बिजागऱ्यांचा. स्क्रू ही वस्तू फिरवायची असते, तिला आटे त्यासाठीच दिलेले असतात, ही बातमी आपल्या साइटवर अजून पोचायची आहे. मी उभा राहून पाहिलं. सुतार तोंडात चार स्क्रू धरायचा, एक काढून बिजागरीच्या भोकात टेकवायचा, हातोडीचे तीन दणके द्यायचा आणि शेवटचे दोन वेढे स्क्रू-ड्रायव्हरने, तेही शिष्टाचार म्हणून. असा ठोकलेला स्क्रू लाकडाचे तंतू फाडत आत जातो. त्याच्या आट्यांना धरायला काही उरतच नाही. सहा महिन्यांत बिजागरी ढिली झाली, दार खाली बसलं आणि फरशीवर घासू लागलं. पांढऱ्या टाइलवर त्याने एक छान रेघ ओढली आहे. अगदी नकाशात होतं तसंच पाव वर्तुळ. आर्किटेक्टचं म्हणणं साइटवर कोणीतरी अखेर वाचलं.

पूर्वीचा सुतार देवमाणूस होता असं मला म्हणायचं नाही. पण तो गावचा बलुतेदार होता, सुगीला खळ्यावर येऊन धान्य न्यायचा. त्याने बसवलेलं दार अडकलं तर पुढची वीस वर्षं त्याच घरासमोरून त्याला जावं लागे. आताच्या सुताराचा नंबर शेवटचा हप्ता जमा होताच 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' जातो. त्याचं बलुतं प्लायच्या दुकानातून येतं. घरमालकाला दुकानात नेलं की शीटमागे काही ना काही ठरलेलं. म्हणून शीटवरचा शिक्का सुताराने नव्हे, आपण वाचावा. साध्या प्लायचं मानक आयएस ३०३ आणि मरीनचं आयएस ७१०, ज्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळून पाहतात. दाजींना मरीन सांगून जे दिलं, ते सिंकखाली पहिल्या श्रावणातच फुगून पुस्तकासारखं पान न् पान सुटलं. ते उकळायला कोणी गेलंच नव्हतं.

वास्तुशांतीची तारीख गुरुजींनी दिली आणि त्या तारखेच्या आदल्या रात्री वायरमन आणि सुतार प्रथमच एका खोलीत आले. सुताराचं कटर मशीन चालायला वीज हवी. त्याच्या वायरीला प्लग नव्हता, नसतोच. वायरमनने संध्याकाळीच बसवलेल्या चकचकीत मॉड्युलर सॉकेटात सुताराने दोन नागड्या तारा घातल्या आणि त्या निसटू नयेत म्हणून माचिसच्या काड्या खोचल्या. वायरमनने ते पाहिलं आणि काही बोलला नाही. त्याचं ड्रिल मशीनही तसंच चालत होतं.

दाजींनी संधी साधली. दोघांना समोर बसवलं, चहा दिला आणि दारामागच्या बोर्डाचा विषय काढला.

"काका, दार उलट्या बाजूने लावायला सांगा ना," वायरमन म्हणाला. "दोन तासाचं काम."

"साहेब, बोर्ड इकडून तिकडे घ्यायचा," सुतार म्हणाला. "दोन तास फक्त."

दार उलटवायचं तर चौकटीत पटाशीने घेतलेल्या बिजागऱ्यांच्या खाचा बुजवून नव्या घ्यायच्या. बोर्ड हलवायचा तर रंगवलेल्या भिंतीत पुन्हा झिरी, पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग, आणि तो रंग आधीच्या रंगाशी कधीही न जुळणारा. आपल्याकडे दुसऱ्याचं काम नेहमी दोन तासांचं असतं. चर्चा पहाटेपर्यंत चालली. दोनदा चहा झाला. अखेर दोघांचं एकमत झालं, आणि तेही अगदी मनापासून, की चूक गवंड्याची आहे. त्याने मुळात चौकटच कोपऱ्याला चिकटून उभी केली.

गवंडी सध्या शेजारच्या प्लॉटवर पाया घेतोय. त्या प्लॉटचे मालक परवा दाजींकडे आले होते, माणसं कशी आहेत हे विचारायला. दाजींनी त्यांना वायरमनचा नंबर दिला, सुताराचा दिला आणि सांगितलं, "माणसं एक नंबर आहेत. फक्त वास्तुतज्ज्ञ आमचेच घ्या."