दोन घराणी, एक कंबर

पन्नाशीत माणसाला काय काय सुचतं, याची यादी आमच्या सोसायटीला तोंडपाठ आहे. कोणी सायकल घेतो, कोणी गच्चीवर भाजी लावतो, एकाने तर मोडी लिपीचा वर्ग लावला. मी इलेक्ट्रिक गिटार घ्यायची ठरवली. कॉलेजात उसन्या गिटारीवर तीन कॉर्ड शिकलो होतो. व्याज धरून आता ते बरेच झाले असतील, असा माझा हिशेबनिशी अंदाज होता.

बायको म्हणाली, "घ्या. पण माझ्या रियाजाच्या वेळी नाही." ती पंचवीस वर्षं शास्त्रीय गाते, पेटीच्या पांढरी पाच पट्टीत. या काळात घरातल्या कुठल्याही आवाजाला तिने सुराचं प्रमाणपत्र दिलेलं नाही. माझ्या घोरण्याला तर नाहीच.

खरी अडचण भाच्याने उभी केली. "मामा, आधी ठरव. स्ट्रॅट की लेस पॉल?" आमच्या लहानपणी पाहुणे ज्या सुरात "कोकणस्थ की देशस्थ?" विचारत, त्याच सुरात त्याने हे विचारलं. म्हणजे प्रश्न साधा, पण उत्तरावर पुढची सगळी वागणूक अवलंबून.

मग महिनाभर मी ऑफिसात ताळेबंदाच्या आडोशाने ही दोन घराणी अभ्यासली.

स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, आली 1954 साली, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावातून. तिचा जनक लिओ फेंडर. हा गृहस्थ शिकला होता हिशेबशास्त्र, दुकान टाकलं रेडिओ दुरुस्तीचं आणि गिटार त्याला शेवटपर्यंत वाजवता आली नाही. हे वाचून माझा ऊर भरून आला. हिशेब येतो, गिटार येत नाही, म्हणजे अर्धा फेंडर मी होतोच. त्याचं डोकं दुरुस्ती करणाऱ्याचं. गिटारीची मान चार स्क्रूंनी अंगाला जोडलेली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. त्याच्याच आधीच्या टेलिकास्टरच्या कडा बरगड्यांत रुततात अशी वाजवणाऱ्यांची तक्रार होती, म्हणून स्ट्रॅटच्या पाठीला त्याने खोलगट उतार दिला. थोडक्यात, पोटाची सोय! पन्नाशीतल्या माणसाचा इतका विचार सरकारही करत नाही.

एक चूक मात्र त्याने केली. तारांचा सूर वरखाली करणाऱ्या दांडीला त्याने 'ट्रेमोलो' म्हटलं. सूर हलला तर तो व्हायब्रेटो. ट्रेमोलोत हलतो तो आवाजाचा लहानमोठेपणा. सत्तर वर्षं ही चुकीची नोंद पुढच्या पानावर ओढली जाते आहे. हिशेबनीस आपली खूण ठेवून जातो, तो असा.

लेस पॉल दोन वर्षांनी मोठी. 1952 साली ती मिशिगन राज्यातल्या कॅलमझूच्या गिब्सन कंपनीने काढली. अंग महागनीचं, वर मेपलचा थर, मान सरसाने कायमची चिकटवलेली. इथे घटस्फोट नाही. ज्याचं नाव तिला दिलं तो लेस पॉल हा वादक तर वल्लीच. 1948 मध्ये मोटार अपघातात त्याच्या उजव्या कोपराचा चुराडा झाला. हात पुढे एकाच कोनात राहणार हे कळल्यावर त्याने डॉक्टरांना तो गिटार धरता येईल अशा कोनात बसवायला लावला, आणि नव्वदी ओलांडल्यावरही वाजवत राहिला. मी कंबर दुखते म्हणून योगासनांचा वर्ग सोडला होता. हे प्रकरण मी घरात वाचून दाखवलं नाही.

खरं भांडण आहे पिकअपचं. स्ट्रॅटवर असतात तीन सिंगल कॉइल, म्हणजे चुंबकांभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारीच्या तारा थरथरल्या की ते ओळखतात. पण त्याचबरोबर घरातल्या विजेची गुणगुण, ट्यूबलाइटचा चोक, फ्रिजची मोटर, सगळंच त्यांना ऐकू येतं. अगदी चाळीतले कान. गिब्सनच्या सेठ लव्हर या अभियंत्याने त्यावर तोडगा काढला. दोन वेटोळी शेजारी बसवून ती अशी उलटसुलट जोडली, की तारेचा सूर दोघींत मिळून वाढतो आणि बाहेरची गुणगुण आपसांत कापली जाते. हा हंबकर, 1957 पासून लेस पॉलवर आला. सुखी संसाराचं सूत्र हेच: आपलं ते दोघांनी मिळून बोलायचं, बाहेरचं दोघांनी मिळून ऐकलंच नाही म्हणायचं.

साक्षीदार दोन्हीकडे तोलामोलाचे. स्ट्रॅटकडे हेंड्रिक्स, गिलमोर, नॉफ्लर. लेस पॉलकडे जिमी पेज आणि स्लॅश. एरिक क्लॅप्टनने 1966 मध्ये जॉन मेयॉलच्या बँडबरोबर लेस पॉल गाजवली आणि नंतर स्ट्रॅटमध्ये जाहीर प्रवेश केला. आपल्याकडे याला मतदारसंघाचा विकास म्हणतात.

माझं मत पेजमुळे लेस पॉलला जाणार होतं. 'स्टेअरवे टू हेवन'मधला सोलो मी कॉलेजपासून ऐकतोय. "हा दाट, मधाळ आवाज लेस पॉलशिवाय निघणारच नाही," असं मी कित्येकांना ऐकवलं आहे. भाच्यालाही ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "मामा, तो सोलो त्याने टेलिकास्टरवर वाजवलाय." पडताळून पाहिलं. खरं होतं. तीस वर्षं ज्या कानांच्या भरवशावर होतो, त्यांनी मला भर बैठकीत तोंडघशी पाडलं.

शेवटी दुकानात गेलो. अस्सल अमेरिकन पाट्यांवरचे आकडे बघून आधी त्यांच्या धाकट्या पातींकडे वळलो: फेंडरची स्क्वायर, गिब्सनची एपिफोन. त्यांच्यातल्या पुष्कळ गिटारींच्या, बोटं फिरतात त्या पट्टीला 'इंडियन लॉरेल' असतं, असं काउंटरवरच्या मुलाने सांगितलं. म्हणजे आपला ऐन. सह्याद्रीतलं झाड परदेशी आडनाव लावून भिंतीवर टांगलेलं पाहून मुलीच्या सासरी आल्यासारखं वाटलं.

"काय वाजवता, काका?" मुलाने विचारलं. त्या 'काका'ने माझ्यातला उरलासुरला जिमी पेज तिथेच वारला.

लेस पॉल गळ्यात अडकवली. चार किलोंच्या वरचं प्रकरण. चार किलो म्हणजे किती, हे एरवी मंडईत समजतं. पट्ट्याने खांद्याला लटकल्यावर ते मणक्यात समजतं. दोन मिनिटांत कमरेतून एक कळ निघाली, तिने माझे तिन्ही कॉर्ड एका दमात वाजवले. शिवाय हिची मान डोक्यापाशी मागे झुकलेली. पडली की नेमकी तिथे मोडते, अशी ख्याती. कंबर आणि मान हे दोन विकार माझ्याकडे आधीच होते. मुलाने स्ट्रॅट दिली. पाठीचा उतार पोटावर असा बसला, की फुलर्टनला माझं माप आधीच गेलं असावं. महिनाभराच्या अभ्यासाचा निकाल कमरेने दोन मिनिटांत लावला.

संध्याकाळी घरी अॅम्प्लिफायर सुरू केला. गिटारीने तोंड उघडलं आणि घरभर एक गंभीर गुणगुण भरली. मी घाबरून बटणं शोधू लागलो. बायको आतून आली. आता ऐकून घ्यावं लागणार, म्हणून मी मान खाली घातली.

"अहो, थांबा. बंद करू नका." तिने डोळे मिटले. "पांढरी पाच आहे. जरा चढी."

मी लगेच गणित केलं. आपली वीज 50 हर्ट्झची. खर्जातली पांढरी पाच 49 ची. बायकोचा कान बरोबर होता. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, आणि हा आकडा काळी पाच नि पांढरी सात यांच्या अगदी मध्ये लोंबकळतो. म्हणजे लिओ फेंडरच्या गावी ही गिटार बेसुरी गुणगुणते, आमच्याकडे जवळजवळ सुरात. लेस पॉल घेतली असती तर हंबकरने हे सुख कापून टाकलं असतं.

तेव्हापासून रियाजाच्या वेळी मला पुढच्या खोलीत जागा मिळाली आहे. बायको तानपुरा विजेइतका चढवून घेते आणि मी गिटार गळ्यात घालून समोर बसतो. अट एकच. तारांना हात लावला की गुणगुण ओसरते, म्हणून हात लावायचा नाही.

मी लावत नाही. लिओ फेंडर तरी कुठे वाजवत होता?