हनुवटी जरा खाली

परभणीच्या माणसाला बोलतं करायला फार काही लागत नाही. पावसाचा किंवा कापसाच्या भावाचा विषय काढायचा आणि आपण गप्प बसायचं. पण त्याच माणसाला स्टुडिओतल्या स्टुलावर बसवा. शर्टाचं वरचं बटण लागतं, मुठी आवळून गुडघ्यांवर जातात, श्वास छातीतच थांबतो. समोर कॅमेरा नसून तहसीलदार बसलेत, असा चेहरा होतो.

त्याला तरी दोष कसा द्यायचा? हा मुलूख एके काळी निजामाचा. तिथले नामांकित छायाचित्रकार राजा दीनदयाळ. त्यांच्यापुढे बसायचे ते नवाब आणि जहागीरदार. बायकांसाठी त्यांनी १८९२ साली हैदराबादेत वेगळा स्टुडिओ काढला, तिथं फोटो काढणारीही बाईच. कॅमेरा नवा होता तेव्हा तर मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावत. तो आधार गेला, ताठपणा तेवढा राहिला. शिवाय आपल्याकडे फोटो निघायचा तो स्थळाला दाखवायला, फॉर्मवर डकवायला, आणि शेवटी हार घालायला. यातल्या कुठल्या फोटोत दात काढून चालेल? मला तरी ते जुने ताठ आजोबा आवडतात. फोटोला बसणं हे त्यांच्या लेखी काम होतं.

स्टुडिओवाल्याचंही कौतुक. सगळ्या मापांना एकच कोट, ढगळ झाला की पाठीमागून चिमटे. ३६ फोटोंच्या रोलमधला माणशी एकच फोटो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण त्याच्याच धंद्यातून निघाली असावी, अशी मला दाट शंका आहे. तरी तो हार मानत नसे. “अंग तिरपं करा, तोंड माझ्याकडं. हनुवटी जरा खाली. एवढी नाही ओ!” अंग तिरपं केलं की माणूस रुंद दिसत नाही, हनुवटी किंचित पुढं आणून खाली घेतली की गळ्याची वळी लपते, हाताला चष्मा किंवा वही दिली की मूठ सुटते. हसू मात्र सांगून येत नाही. मुरलेला फोटोग्राफर “हसा” म्हणतच नाही. “मामा, यंदा सोयाबीन किती झालं?” मामा तोंड उघडतात आणि बटण दाबलं जातं. पाऊसकाळ वाईट गेला असेल तर नातवाचं विचारावं. जावयाचं विचारू नये.

आता लग्नाआधीच शूटिंग असतं. गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर नवरा-नवरी उभे. “माझ्याकडं काय बघायलात? एकमेकांकडं बघा!” बघणार कसं? उजेड पाडायला चंदेरी पत्रा धरून नवरीचा सख्खा भाऊ समोरच उभा. नवरदेव घामाघूम, नवरीची नजर पायरीवर. शेवटी भाऊच वैतागून म्हणतो, “दाजी, हसा की, माझे हात भरून आले!” दोघंही खळखळून हसतात. फोटोग्राफर तेव्हा बॅटरी बदलत असतो.