भांडारपाल नाना

आमच्या वरच्या मजल्यावर नाना राहतात. एका सरकारी खात्याच्या भांडारात बत्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले. म्हणजे खात्यातून झाले, भांडारातून नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माईंकडून स्वयंपाकघराचा चार्ज घेतला, तोही रीतसर, साठा मोजून. दोन किलो बटाट्यांतल्या अकरा नगांना मोड आलेले, कांदे त्याच टोपलीत, आणि फ्रीजच्या तळाशी एक काकडी. तिची नोंद नानांनी ‘डेड स्टॉक’मध्ये केली. माईंनी सही करायला नकार दिला. ते प्रकरण अजून प्रलंबित आहे.

असा एक गृहस्थ प्रत्येक इमारतीत असतो. मेथी कुठली आणि शेपू कुठला हे ज्याला आयुष्यभर बायकोने सांगितलं, तो साठी उलटली की एकाएकी भाज्यांचा पालक होतो.

नाशकात बुधवारी गंगेवर बाजार भरतो. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, बाहेरच्यांनी वाद घालू नये.) नाना सकाळी दोन पिशव्या घेऊन निघतात आणि उन्हं चढायच्या आत परततात. मग बैठकीच्या खोलीत पेपर अंथरला जातो आणि पंखा बंद होतो. पहिला मान कोथिंबिरीचा. जुडीची सुतळी सोडायची, कापायची नाही, कारण सुतळीचाही साठा आहे. काड्या मोकळ्या करून पिवळी पानं वेगळी काढायची. मुळं छाटायची. या टप्प्यावर माई सवयीने जुडी नळाखाली धरायला उठतात आणि नाना ओरडतात, “अगं, धुवायची नाही! ओल राहिली की सड आलीच. धुणं कापायच्या वेळी.” मग पानांवरचा दमटपणा वाऱ्यावर सुकू द्यायचा आणि जुडी सुती फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवायची. नानांच्या कैलासवासी वडिलांच्या धोतराचे सोळा तुकडे सध्या याच कामावर आहेत. डब्यावर चिठ्ठी लागते: ‘आवक बुधवार, जुडी १’. फडकं ओलसर झालं की बदलायचं. मिरच्यांचे देठ काढून त्या वेगळ्या डब्यात.

हे सगळं चालतं, हे मान्य केलं पाहिजे. आमची कोथिंबीर तिसऱ्या दिवशी शेवाळासारखी होते. नानांची पंधराव्या दिवशीही अशी हिरवीगार, की कापायचा धीर होऊ नये. नानांचा तर होतच नाही.

इथेच घोडं पेंड खातं. जुना माल आधी काढायचा, नवा मागे लावायचा, हा भांडाराचा पहिला नियम. बुधवारी कोवळी लुसलुशीत गवार घरात येते, पण गेल्या बुधवारची शिल्लक असते. ती संपेपर्यंत ही जून होते, आणि हिचा नंबर लागतो तेव्हा पुढच्या बुधवारची कोवळी गवार रांगेत येऊन उभी असते. नानांच्या घरात भाजी टिकते फार छान. पण गेल्या पाच वर्षांत त्या घरात कुणी ताजी भाजी खाल्लेली नाही.

ज्ञान घरापुरतं ठेवणारा माणूस तो नव्हे. विरजण मागायला येतात आणि आमचा फ्रीज तपासून जातात. “केळी फ्रीजमध्ये? १३ अंशांच्या खाली त्यांची साल काळी पडते रे.” आमची ही म्हणाली, “नाना, आतून चांगली असतात की.” “असतील. पण त्यांना सोसत नाही.” बटाटे दिसले तेव्हा मात्र ते खुर्चीतच बसले. फार गारठ्यात बटाट्यातल्या पिठाची साखर होते, मग काचऱ्या गोडसर लागतात आणि कढईत काळ्या पडतात. आमच्या काचऱ्या वर्षानुवर्षं काळ्या होत होत्या आणि त्याचं खापर मी नको त्या माणसावर फोडत होतो. त्या दिवशी हिने माझ्याकडे असं पाहिलं, की त्याबद्दल मी नानांना अजून माफ केलेलं नाही.

पालकाच्या जुडीशेजारी सफरचंदं दिसली तर पुराणच सुरू होतं. “एका नासक्या आंब्याने आढी नासते असं आजी म्हणायची ना? त्यातला गुन्हेगार वायू आहे. इथिलीन! पूर्वी तिकडे रस्त्यावर गॅसचे दिवे असत. गॅस गळला की आसपासची झाडं पानं गाळायची. कुणाला उमजेना. १९०१ साली नेल्युबोव्ह नावाच्या रशियन माणसाने हुडकून काढलं, की यातलं इथिलीन झाडांना बाधतं. आणि १९३४ साली इंग्लंडात गेन म्हणून एकाने सिद्ध केलं, की पिकणारं सफरचंद हा वायू स्वतःच सोडतं. आणि तू त्याच्या मांडीला मांडी लावून पालक बसवलास!” पालक पिवळा पडला होता, त्यामुळे मला बोलता येईना.

मागे तळमजल्यावरचे आजोबा गेले. आम्ही सगळे सांत्वनाला बसलो होतो. नाना पाणी पिण्याच्या निमित्ताने आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. मी डोकावलो, तर ते फरशीवर उकिडवे बसून टोपलीतले बटाटे निवडून वेगळे करत होते. “बटाट्याच्या दमटपणाने कांदा सडतो,” ते कुजबुजले. “लासलगावकडे चाळ बघितलीस ना? खालून-बाजूंनी वारा खेळता ठेवतात, म्हणून उन्हाळ कांदा चार-पाच महिने राहतो. आणि इथे प्लास्टिकच्या पिशवीला गाठ! माणूस गेला तो गेलाच रे, कांदे तरी वाचवू.” आजोबांच्या सुनेने दारातून हे ऐकलं. ती तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

मग आला एप्रिल. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विजेशिवाय चालणारा शीतकक्ष बनवलेला आहे, हे नानांच्या वाचनात आलं. विटांच्या दोन भिंती, मध्ये तीन बोटं-चार बोटं जागा, त्यात वाळू, आणि वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. नानांनी शंभर विटा आणि चार गोणी वाळू गॅलरीत चढवली. चेअरमन गॅलरीच्या वजनाची काळजी घेऊन वर गेले आणि गार काकडी खात खाली आले. नाशकातल्या कोरड्या उन्हाळ्यात ते खोकं झकास चाललं. बाहेर चाळीस अंश, आत वांगी टवटवीत. फक्त पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर टपकायचं.

“नाना, गळतंय.”

“बाष्पीभवन आहे ते.”

“बाष्प वर जातं ना नाना? हे खाली येतंय.”

त्यांनी वहीत नोंद घेतली.

जूनमध्ये मृगाच्या सरी आल्या, हवा दमट झाली. दमट हवेत पाणी उडेना, पाणी उडेना म्हणून खोकं गार होईना. नानांनी शीतकक्ष ‘तात्पुरता बंद’ असं लिहिलं आणि ते लेकीकडे पुण्याला गेले. लेकीचा फ्रीज नवा होता. तो लावून द्यायचा होता. माईंसाठी तेवीस कलमी सूचनापत्र फ्रीजवर चिकटवलेलं होतं. माईंनी ते वाचलं, घडी घालून पोळपाटाखाली ठेवलं आणि मूठभर मेथ्या भिजत घातल्या. मग त्या विटांमधल्या ओल्या वाळूत पेरून टाकल्या.

नानांचा मुक्काम लांबला. दहाव्या-बाराव्या दिवशी माईंनी जिन्यातून हाक मारली, “या रे सगळे, जेवायला या.” वाळूतली ती वीतभरही न वाढलेली मेथी कापून, धुऊन, तीन मिनिटांत लसणाच्या फोडणीत गेली होती. सोबत बाजरीची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. गॅलरी ते कढई, अंतर अकरा पावलं. मध्ये डबा नाही, फडकं नाही, चिठ्ठी नाही. माईंनी दोनदा वाढून घेतली.

नाना परतले, त्यांनी साठा मोजला. सगळं जागच्या जागी होतं. कोथिंबीर एकोणिसाव्या दिवशीही हिरवी होती. वाळूतली मेथीची खुंटं बघून त्यांनी वही उघडली, ‘आवक’च्या रकान्यावर पेन ठेवलं, बराच वेळ विचार केला आणि वही मिटली.

श्रावणात ते पुन्हा पुण्याला जाणार आहेत. तारीख आम्ही माईंकडून विचारून ठेवली आहे.